रिमोट मुका की प्लेअर बहिरा?

गेल्या महिन्यात वाकोल्याहून निरोप आला, "भाऊ, येताना तुमची पाना-पक्कडची पिशवी घेऊन या." गेलो. मावशींनी दारातच जय भीम केला आणि चहाच्या आधी एक डीव्हीडी प्लेअर पुढ्यात आणून ठेवला. सोबत दोन रिमोट होते, एक मूळचा आणि एक नुकताच विकत आणलेला. दोन्ही चालत नव्हते. सेल दोनदा बदलून झाले होते. दुकानदाराने शेवटचे सांगून टाकले होते, "प्लेअरच गेला, भंगारात द्या."

मावशींना प्लेअरचे काही नव्हते. थोरल्या मुलीच्या मंगल परिणयाची डिस्क पाहायची होती. मावशींचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्या डिस्कच्या दुसऱ्या भागात ते माईक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानतात. "फोटो पुष्कळ आहेत हो, पण ह्यांचा आवाज एवढाच राहिलाय," मावशी म्हणाल्या. आणि गंमत अशी की प्लेअरच्या तोंडावर बटणे तीनच. चालू-बंद, खण उघडणे आणि प्ले. प्ले दाबले की पहिला भाग लागतो, संपला की पडदा पुन्हा मेनूवर येऊन थांबतो. दुसऱ्या भागावर जायला बाणाचे बटण लागते आणि ते फक्त रिमोटवर. म्हणजे प्लेअर धडधाकट असला तरी रिमोटवाचून तो अर्धाच.

वाचक बंधू-भगिनींनो, "रिमोट चालत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक तर रिमोट बोलत नाही, नाही तर प्लेअरला ऐकू येत नाही. हे ठरवण्याआधी एक रुपयाही खर्च करू नये.

रिमोटच्या टोकाला मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा दिवा असतो. त्यातून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो तांबड्या रंगाच्या पलीकडचा, म्हणजे अवरक्त. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. तेच हे किरण. बटण दाबले की रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे पाडून आकडे पाठवतो. बहुतेक रिमोट आधी आपण कोणत्या यंत्राशी बोलतो तो आकडा सांगतात, मग बटणाचा. म्हणूनच केबलच्या रिमोटने प्लेअर हलत नाही.

तपासायचे कसे? हल्ली घरोघरी कॅमेऱ्याचा फोन आहे. कॅमेरा सुरू करा, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरा, बटण दाबा आणि फोनच्या पडद्यावर पाहा. डोळ्यांना न दिसणारा दिवा तिथे जांभळट-पांढरा चमकताना दिसतो. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच असते, तेव्हा सेल्फीचा पुढचा कॅमेरा वापरावा. तिथेही काळोख दिसला तर लगेच रिमोटला दोष देऊ नका. साध्या टीव्हीचा चालू रिमोट त्याच फोनसमोर धरून बघा. तो चमकला, तरच फोनची साक्ष खरी.

मावशींचा जुना रिमोट अंधारात होता. नवा मात्र लख्ख चमकत होता. इथेच दुकानदार फसला. नवा रिमोट बोलतो आणि प्लेअर ऐकत नाही, म्हणजे प्लेअर गेला, असे त्याने धरले. पण आपण मराठीत बोललो आणि समोरच्याला फक्त कानडी येत असले, तर तो बहिरा ठरत नाही. नव्या रिमोटचा चेहरा सारखा होता, आकडे वेगळे होते. खात्री करायची म्हणून त्यांच्या नातवाचा रेडमी फोन मागितला. रेडमीच्या बऱ्याच फोनच्या माथ्यावर असाच अवरक्त दिवा असतो आणि रिमोटचे काम करणारे ॲप असते. त्यात डीव्हीडी प्लेअरच्या कंपन्यांची यादी निघते. पहिल्या दोन नावांनी काही झाले नाही. तिसऱ्या नावाला प्लेअरचा खण सुर्रकन बाहेर आला. पोरगा उडालाच. प्लेअरचे कान शाबूत होते.

मग जुना रिमोट उघडला. सेलच्या खोबणीतील स्प्रिंगवर पांढरी खपली चढली होती. संपलेले सेल महिनोन्‌महिने आत राहिले की ते पाझरतात. दोनदा नवे सेल घातले, पण त्या खपलीतून वीज पुढे जाणार कशी? अल्कलाइन सेल असतील तर त्या पांढऱ्या खपलीवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब कापसाच्या काडीने लावावेत, बुडबुडे थांबले की पुसून काढावे, मग स्पिरिटने पुसून वाळवावे. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने खरवडावे. हे करताना बोटे डोळ्यांना लावू नयेत, आणि लहान मुलांना लांब ठेवावे. दहा मिनिटांत रिमोट बोलू लागला.

सेलबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सेल दाताने चावणे, उन्हात ठेवणे, हातावर घासणे हे आपल्याकडचे घरगुती औषध. ऊन लागल्यावर सेलमधील रासायनिक क्रिया थोडी जोर धरते, म्हणून दिवसभर रिमोट चालतो, आणि पुन्हा थंड. चावण्याने मात्र आवरण फुटते, आतला द्रव पोटात जायची भीती. ते मुळीच करू नये. एक जुना आणि एक नवा अशी जोडीही लावू नये. जुना नव्याला ओढून नेतो. आणि भिंतीवरच्या घड्याळात सेल चालतो म्हणून तो चांगला, असे समजू नका. घड्याळ अगदी थेंबाथेंबाने वीज घेते, रिमोटच्या दिव्याला एकदम घोटभर लागते. उलट रिमोटला न पुरणारा सेल घड्याळात घाला, तो अजून काही महिने काढेल.

काही बटणे चालतात, काही नाहीत, असे असेल तर दोष आतल्या रबराचा. सेलच्या झाकणाखाली स्क्रू असला तर काढावा, नसला तर कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड घालून हळूच उघडावे. रबराच्या प्रत्येक बटणाखाली काळी टिकली असते, ती पट्टीवरच्या दोन रेषा जोडते. चहाचे, तेलाचे, घामाचे सगळे तिथे जमा होते. रबर साबणाच्या पाण्यात धुऊन दिवसभर सावलीत वाळवावे, पट्टी स्पिरिटने पुसावी. रॉकेल लावू नये, रबर फुगते. ब्लेडने टिकली खरवडू नये. टिकलीच झिजली असेल तर पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तेवढाच गोल कापून टिकलीवर चिकटवावा. दिसायला गावठी, पण वर्षानुवर्षे टिकलेला मी पाहिला आहे. आणि फोनमध्ये दिवा बटण न दाबताच चमकत असेल, तर एखादे बटण आत रुतले आहे. तेच सेलही खाते.

रिमोट हातातून पडून गप्प झाला असेल तर जुन्या बनावटीत नखाएवढा, दोन पायांचा रेझोनेटर तुटलेला असतो. ठोक्यांची गती तोच सांभाळतो. ज्याला डाग देता येतो तो हे काम सहज करील. सुटे भाग हवे असतील तर सांताक्रूझहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोड गाठावा. तिथे नवा रिमोट घेताना प्लेअरच्या पाठीवरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून न्यावा, आणि "चालला नाही तर बदलून मिळेल" हे बिलावर लिहून घ्यावे. मावशींचे पैसे वाया गेले ते चेहरा पाहून रिमोट घेतल्यामुळे.

पावसाळ्यातील एक आठवण सांगायला हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी फुगली, कालिन्याच्या घराघरांत पाणी शिरले. त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेले रिमोट पिशवीपिशवीने आले. रिमोट भिजला तर पहिल्यांदा सेल काढावेत, मग उघडून स्वच्छ पाण्याने चिखल धुवावा, तीन-चार दिवस वाळवावा. पुष्कळसे जगतात. पण हा उपाय प्लेअरला लावू नका. प्लेअर विजेवर चालतो, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही वेळ राहू शकतो. प्लेअर उघडणे हे जाणकाराचे काम.

आता बहिऱ्या प्लेअरकडे. रिमोट फोनमध्ये चमकतो, आकडेही बरोबर, तरी प्लेअर ढिम्म. तर आधी त्याच्या डोळ्यासमोर काय आहे ते पाहा. गोळीबारच्या एका घरी मी तासभर डोके खाजवले, आणि निघाला काय, तर सुनेने हौसेने विणलेला क्रोशाचा रुमाल डोळ्यावर लोंबत होता! कंपनीचे चकचकीत स्टिकरही तसेच. दुपारचे पश्चिमेचे ऊन थेट पडत असेल तरी डोळा दिपतो, कारण उन्हात हेच किरण भरलेले असतात. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने टॉर्चसारख्या प्रकाशाने चालणारा रिमोट काढला होता, तेव्हाही ऊन पडले की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. जुन्या सीएफएल दिव्यांचाही गोंधळ असे. काहींचे आतले सर्किट त्याच ३८ हजारांच्या आसपास ठोके देई. दिवा बंद करून, पडदा ओढून एकदा पाहावे. तरी ऐकत नसेल तर आतला तीन पायांचा संवेदक बदलावा लागतो. भाग स्वस्त असतो, मजुरीच काय ती.

मावशींच्या घरी संध्याकाळी दुसरा भाग लागला. यजमानांनी बोलण्याआधी माईकवर दोनदा फुंकर मारली. "असंच करायचे," मावशी म्हणाल्या, आणि रिमोट हातातून खाली ठेवला नाही.

निघण्यापूर्वी नातवाला एक काम सांगितले. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने वर्षागणिक विरतो, त्याला रिमोटची दुरुस्ती पुरत नाही. डीव्हीडीचा ड्राइव्ह असलेल्या संगणकात डिस्क घालून 'व्हिडिओ टीएस' नावाचा अख्खा फोल्डर उतरवून घ्यायचा, पेन ड्राइव्हवर एक आणि दुसरीकडे एक, अशा दोन प्रती. व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधील डॅट फाइली. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही चालतात. त्याने दोन दिवसांत ते केले आणि यजमानांचे आभाराचे बोलणे कापून नातेवाइकांच्या फोनवर पाठवले.

मावशींनी मात्र डिस्क परत मागून घेतली. प्लेअर पुसून जागेवर ठेवला आणि वरून रुमाल टाकला, डोळा तेवढा उघडा ठेवून.