खांदा बसला, पण कामावर कधी जायचे?

डहाणूहून समुद्राच्या कडेने घोलवडकडे निघाले की वाटेत चिखले गाव लागते. हा सगळा पट्टा चिकूच्या वाड्यांचा. फळे काढणाऱ्याचे हात दिवसभर डोक्याच्या वर असतात. पाय घसरला आणि पडता पडता एका हाताने फांदी धरली, की सगळ्या अंगाचा भार एकाच खांद्यावर येतो आणि खांदा निखळतो.

मग कोणीतरी जाणता माणूस हात ओढून तो बसवतो. कळ थांबते आणि चार दिवसांत गडी पुन्हा कामावर! असे करू नये. हाड मोडलेले असताना हात ओढला तर नसांना इजा होऊन हात लुळा पडू शकतो. हात झोळीत बांधून आधी एक्स-रे काढावा.

मांडीचे हाड खोल वाटीत बसते, दंडाचे मात्र उथळ बशीत. त्या बशीला चिवट कूर्चेची कड असते, तिला डॉक्टर लॅब्रम म्हणतात. खांदा निखळताना बहुधा हीच कड फाटते. खांदा बसला तरी ती फाटलेलीच राहते. मग पुढे सदरा घालताना किंवा झोपेत कूस बदलतानासुद्धा खांदा उतरतो. तरुणांत हे जास्त घडते.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. कित्येकांचे व्यायामाने भागते. खांदा वारंवार उतरत असेल तर एमआरआय काढून दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. हाडात बारीक खुंट्या बसवून त्यांच्या दोऱ्याने कड पुन्हा बांधतात. दोरा कड नुसती धरून ठेवतो, ती हाडाला जुळायला सुमारे तीन महिने लागतात. वरची जखम पंधरवड्यात भरते आणि तीच फसवते.

साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीतच राहतो. बोटे, मनगट आणि कोपर मात्र डॉक्टर सांगतील तसे हलवत राहावे. उशांना टेकून, अर्धवट बसूनच झोपावे. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना शेवटी काढावा. घरच्यांनी हे शिकून घ्यावे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात चिडचिड होते. (पुरुषमंडळींची जरा जास्तच!) झोळी निघाल्यावर व्यायाम टाळले तर खांदा आखडतो. ओझे उचलणे आणि डोक्यावर हात नेऊन करायची कामे चार ते सहा महिन्यांनीच, तीही डॉक्टरांना विचारून.

क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा खांदा २३ मार्च २०२१ रोजी पुण्याच्या सामन्यात दुखावला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झाले आणि तो मैदानावर परतला सप्टेंबरात. त्याच्या दिमतीला सगळे होते, तरी पाच महिने लागलेच.

आपला प्रश्न रोजीचा. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापले जाते त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. कामावरच अपघात झाला तर सुमारे ९० टक्के, म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्रा’ला आधी भेटावे, कोणते ऑपरेशन योजनेत बसते ते तो सांगतो.

वाडीवरच्या रोजंदाराला मात्र भत्ता नाही. त्याने ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वीच मालकाशी बोलावे. फळांची प्रतवारी बसून करता येते. झोळी निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले तर ते काम मागून घ्यावे. भरलेली पाटी मात्र दुसऱ्यानेच उचलावी.