पन्नाशीतले हिप-हॉप आणि मराठी रॅपची फिर्याद

जालना : वर्षअखेरीस आवडत्या गाण्यांची यादी करण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर, जुन्या आणि नव्या जालन्यात, महाविद्यालयीन तरुणांच्या मोबाइलमध्ये अशा याद्या असतात आणि त्यांत चित्रपटगीतांच्या बरोबरीने रॅप असतो. प्रस्तुत प्रतिनिधीचीही एक यादी आहे, ती २०२३ ची. त्यानंतरही पुष्कळ गाणी गाजली. परंतु मराठी रॅपचे वर्ष म्हणून पुनःपुन्हा त्याच वर्षाकडे वळावे लागते.

योगायोगाने ते हिप-हॉपच्या पन्नाशीचे वर्ष होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तो या संगीताचा जन्मदिवस मानला जातो. जगभर त्याचे सोहळे झाले. महाराष्ट्रात मात्र त्या वर्षी रॅपची पहिली ठळक दखल घेतली ती पोलिसांनी.

छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याने सत्तांतराच्या राजकारणावर रचलेले ‘चोर’ हे गाणे मार्चअखेरीस समाजमाध्यमांवर पसरले. एप्रिलमध्ये युवा सेनेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. गाण्यात ना पक्षाचे नाव होते, ना नेत्याचे. होता तो ‘खोक्यां’चा उल्लेख, आणि हा शब्द तर २०२२ च्या पावसाळी अधिवेशनापासून विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या घोषणेत होताच. मुंगासेला पुढे अटकपूर्व जामीन मिळाला. त्याच सुमारास उमेश खाडे याच्या ‘भोंगळी केली जनता’ या गाण्यावरून मुंबईत वडाळा टीटी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दोन आठवड्यांच्या आत दोन रॅपर आणि दोन पोलीस ठाणी!

माझ्या यादीत ‘चोर’ पहिले आहे. त्यातला राजकीय आरोप खरा की खोटा, हा प्रश्न येथे नाही. ते गाणे प्रथम ऐकताना जाणवतो तो आवाजातला संयम. मोठा वाद्यमेळ नाही, झगमगाट नाही. कॅमेऱ्यासमोर एक तरुण उभा राहतो आणि चावडीवर बोलावे तसा बोलतो. राग असूनही ओरडत नाही. संगीताच्या दृष्टीने ते साधे आहे, कदाचित फारच साधे. पण शब्द कानात राहतात.

मराठी रॅप म्हणजे आधुनिक शाहिरी, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. वारसा आहे, यात शंका नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई राज्याच्या सरकारने बंदी घातली होती, हा इतिहास तर या खटल्यांच्या संदर्भात हटकून आठवतो. तरीही मला हे साम्य अर्धेच पटते. शाहीर समूहाच्या वतीने गातो. त्याच्या मागे झील धरणारे असतात. रॅपर एकटा असतो आणि ‘मी’ने सुरुवात करतो. त्या अर्थाने मराठवाड्यातील रॅपचा खरा पूर्वज भारूड असावा. आमच्या अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठणच्या एकनाथांनी जोशी, गोंधळी, आंधळा अशी सोंगे घेऊन प्रथमपुरुषी बोलत समाजाचे उणे काढले. बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवरचा तो प्रकार आहे, आणि रॅपही तिथेच उभा असतो.

या संगीताची वाट मुंबईच्या वस्त्यांतून निघाली. डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ चे, त्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९ चा. त्याच वर्षी स्वदेशी या गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ केले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ १००आरबीएच २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’च्या मंचावर पोहोचला, तेव्हा वऱ्हाडी वळणाची बोली देशभरच्या पडद्यावर आली. त्याची गाणी यादीत दुसरी.

बोलीचा हा मुद्दा केवळ अस्मितेचा नाही. प्रमाण मराठीतील ‘करत आहे’पेक्षा मराठवाड्यातील ‘करायलो’ ठेक्यावर सहज बसते. शाळेत ज्या बोलीबद्दल मुलांना कानकोंडे व्हावे लागते, ती येथे भांडवल ठरते.

तिसरे, संजू राठोडचे ‘नऊवारी’. जळगाव जिल्ह्यातल्या या तरुणाचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजले. त्यात बंडखोरी शोधू नये, ते नाचण्याचे गाणे आहे. रॅपची लकब घेतलेले आणि उत्तम बांधलेले. पोलीस ठाण्यापेक्षा लग्नाच्या वरातीत पोहोचणे केव्हाही सोयीचे, हेही खरेच.

जालन्यापुरते बोलायचे तर त्या वर्षीचा आवाज रॅपचा नव्हताच. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर आंदोलनाची गाणी गावोगाव फिरली. ती बहुतांशी पोवाड्याच्या किंवा डीजेच्या ठेक्यावरची. समूह रस्त्यावर येतो तेव्हा त्याला झील धरायला गाणे लागते; एकट्याचा ‘मी’ तेथे अपुरा पडतो.

मुंगासेवर लावलेल्या कलमांत भारतीय दंड संहितेचे ५०५(२) होते. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे हे अजामीनपात्र कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५३(२) झाले आहे. विनोदवीर कुणाल कामरा याच्यावर विडंबनगीतावरून मार्च २०२५ मध्ये गुन्हा नोंदवताना तेच वापरले गेले. मात्र त्याच महिन्यात, २८ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील कवितेसंबंधीचा गुन्हा रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, शब्दांचा परिणाम कणखर व सुज्ञ माणसाच्या मापाने तोलावा, पदोपदी धोका वाटणाऱ्याच्या नव्हे. शिवाय तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याचा मार्ग साधारणतः आधी अवलंबावा, असेही सांगितले.

परतूर किंवा घनसावंगीत मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या मुलाकडे ना वकील असतो, ना ध्वनिमुद्रण कंपनी. तक्रार झाली तर त्याच्या हाती हे चौदा दिवस असतील की नाही, हे त्या तालुक्याच्या ठाणे अंमलदाराने हा निकाल वाचला आहे का, यावर ठरेल.