ऊन किती वाहून न्यावं?

भाची डिसेंबरात दोन महिने मेळघाटात राहायला जाते आहे, कोरकूतल्या गोष्टी-गाणी रेकॉर्ड करायला. (कोरकू ही मराठीची बोली वगैरे नाही हं, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे.) ज्या गावात राहणार तिथे वीज येते-जाते, जास्त करून जातेच. त्यामुळे सध्या आमच्या घरात प्रत्येकाला सौरऊर्जेवर मत आहे. मग माझंही मांडून टाकते.

दादा 'एकदाच काय ते मोठं घ्या' या पक्षाचा. म्हणजे १००० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन, वजन दहा-बारा किलो. एसटीतून उतरून ते कोण वाहणार हे आहेच, पण खरी गोम वेगळी. टाकी मोठी घेतली म्हणून नळाला पाणी वाढत नाही! ६० वॅटचं घडीचं पॅनल प्रत्यक्षात चाळीसेक वॅट देतं. हिवाळ्यात चार-साडेचार तास खणखणीत ऊन धरा. दिवसाला १६०-१८० वॅट-तास झाले. ती टाकी भरायला सहा दिवस, तेही काहीच न वापरता.

आणि तिला लागतं किती? लॅपटॉप एकदा भरायला ५०, फोनला २०, कॅमेऱ्याच्या बॅटरीला १५, रेकॉर्डरचे पेन्सिल सेल आणि दिवा मिळून १०. शंभराच्या आतबाहेर. तेव्हा लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी पुरे. अडीचेक किलोत २५० वॅट-तास, म्हणजे दोन ढगाळ दिवस निघाले. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण दुपटीहून जड, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. इन्व्हर्टर तर नकोच. डीसीची एसी करा, मग लॅपटॉपचा अडॅप्टर तिची परत डीसी करणार.. यात वीज नुसती तापण्यात जाते. यूएसबी-सीवरून थेट भरावं.

सावलीचं मात्र सगळेच विसरतात. पॅनलचे सेल एकामागे एक जोडलेले असतात. सागाचं एक मोठं पान आडवं आलं की पानाएवढीच वीज कमी होत नाही, बरीच जास्त जाते.

आता माझा मुद्दा. ती ज्या घरी उतरेल तिथे सौरदिव्याची एखादी छोटी बॅटरी असेल. पाहुणीने लॅपटॉप लावला तर कुणी नाही म्हणणार नाही, फक्त रात्री त्यांचा दिवा लवकर विझेल. उलट हिच्याकडे पॅनल दिसल्यावर शेजारचे फोन घेऊन येणारच. यायलाच हवेत! ज्यांच्याकडून तासन्‌तास गोष्टी ऐकायच्या त्यांना 'माझं बजेट संपलं' असं सांगणार का?

म्हणून मी ६० नाही, १०० वॅटचं पॅनल म्हणते. त्याचे दिवसाला पावणेतीनशे मिळतील. तिची गरज आणि गळती वजा जाता रोज पाचेक फोन दिवसाउजेडी थेट भरतील. 'ती अभ्यासाला चालली आहे की चार्जिंगचं दुकान काढायला?' इति दादा. मला तर हा अभ्यासाचाच खर्च वाटतो, रेकॉर्डरइतकाच.

असो. बॅटरी मी घेते आहे, पॅनल दादाने घ्यावं (वाचतो आहेस ना?). बाकी मंडळींनी ड्रॉवरमधल्या जुन्या मायक्रो-यूएसबीच्या वायरी फेकू नयेत, बाजूला काढून ठेवाव्यात. त्या लागतील.