पाडण्याआधी नोंद तरी करा

पुणे-मिरज मार्गाचे विद्युतीकरण आणि दुहेरीकरण लोणंदच्या हिताचेच आहे. फलटणच्या फाट्यामुळे तर लोणंद जंक्शन झाले. मात्र सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या मीटरगेजच्या उरल्यासुरल्या दगडी खुणा प्रत्येक नव्या कामात धोक्यात येतात. हाँगकाँगचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. तिथले जुने कौलून स्थानक 1970च्या दशकात पाडले गेले, पण लाल विटा आणि ग्रॅनाइटचा 44 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा राखला गेला. मरे हाउस ही तिथलीच जुनी इमारत 1982मध्ये उतरवताना दगडांवर क्रमांक घातले, म्हणूनच ती पुढे शहराच्या स्टॅनली भागात उभी राहू शकली. याउलट स्टार फेरीचा धक्का 2006मध्ये लोकांचा विरोध डावलून पाडला. तो राग आजही विसरला गेलेला नाही.

साहेबाच्या खुणा कशाला जपायच्या, असा आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ही रेल्वे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आली, हे खरेच. पण रूळ टाकताना घाम इथल्या मजुरांचा गळला, आणि लोणंदच्या कांद्याची बाजारपेठ याच रुळांच्या आधाराने वाढली. तो इतिहास आपलाही आहे. राहिला जागेचा प्रश्न. दुसऱ्या रुळाच्या आड येणारी मोरी वाचवा, असा हट्ट कोणी धरू नये. परंतु हातोडा पडण्यापूर्वी मोजमापासह नकाशा आणि छायाचित्रे काढायला कितीसा वेळ लागतो? रेल्वेने ही अट कंत्राटातच घालावी आणि एक प्रत लोणंद नगरपंचायतीकडे द्यावी.