घरातला पहिला वकील

लोहाऱ्याहून एका बापाचे पत्र आले आहे. एमआयडीसीत कामगार म्हणून राबून त्यांनी थोरल्या मुलाला एलएल.बी., मग एलएल.एम. केले. नेट परीक्षाही तो पास झाला. आता घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, "कॉलेजात मास्तर हो, महिन्याचा पगार ठरलेला." बाप म्हणतो, "काळा कोट कशासाठी केला मग? यवतमाळच्या कोर्टात उभा राहा." मुलाला मात्र दोन्ही हवे आहे, वर पीएच.डी.सुद्धा. "एका माणसाला हे जमते काय?" असा त्यांचा सवाल आहे.

जमते, दादा. आपल्यासमोर उदाहरण आहे ते बाबासाहेबांचेच. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते. त्या पगारातून पैसा साठवून आणि मित्रांकडून मदत घेऊन ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२३ मध्ये हायकोर्टात वकिली सुरू केली. पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे कोण पक्षकार धावत येणार? तेव्हा १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. ती अर्धवेळ नोकरी होती. तिने चूल पेटती ठेवली आणि वकिलीही चालू राहिली. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू त्यांनी लढवली ती याच दिवसांत. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आणि १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा, असे दोन ग्रंथही बाहेर पडले. पुढे १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य.

आता आजचा कायदा पाहू, कारण चूक इथेच होते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद असलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. मात्र कायदा शिकवण्यापुरती १९७९ च्या नियमांनी सवलत दिली आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवला, तर ती अर्धवेळ नोकरी धरतात आणि वकिली चालू ठेवता येते. पेपर तपासणे, कायद्याच्या पुस्तकांचे संपादन, व्याख्याने यांनाही मुभा आहे.

नियम किती कडक आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालावरून कळते. मुंबईच्या डॉ. हनीराज चुलानी यांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद हवी होती. ती मिळाली नाही. पक्षकाराला वकिलाचे पुरे लक्ष मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

म्हणून मुलाला सांगा: पूर्णवेळ प्राध्यापकी मिळाली तर ती बिनदिक्कत घे, पण सनद लपवून कोर्टात उभा राहू नकोस. ती मिळेपर्यंत तासिका तत्त्वावर सकाळचे वर्ग घे, अकरा वाजता कोर्टात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बस. तासिकेचे मानधन तुटपुंजे असते आणि उशिरा येते, हे घरातल्यांनी आधीच धरून चालावे. पीएच.डी.चा विषय कोर्टातूनच निवडावा. मजुरांचे थकलेले वेतन, जमिनीचे तंटे, अॅट्रॉसिटीचे खटले रोज डोळ्यांसमोर असतात. ज्या फाइली हाताळतो त्यावरच अभ्यास केला तर तीन वाटा एक होतात. फक्त पक्षकाराचे गुपित प्रबंधात उघडे पडता कामा नये.

आणि माऊली, पहिली दोन-तीन वर्षे त्याच्याकडे पगाराचा हिशेब मागू नका. तारीख पडली की गरीब माणूस मजुरी बुडवून कोर्टात येतो. त्याच्या बाजूने नीट अभ्यास करून उभा राहणारा वकील आपल्या घरातून निघतो आहे. जयभीम.