विश्लेषण : कारखाने कायदा रद्द झाला, आधीच्या अपघातांचे काय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात १८ मे २०२५ रोजी पहाटे आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी ‘कारखाने अधिनियम, १९४८’ लागू होता. सहा महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांनी मोडीत काढलेल्या २९ कायद्यांत हा अधिनियमही होता. या आगीत दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. प्रश्न असा, की त्या तारखेआधीच्या अपघातांना कायदा कोणता?

जुना कायदा पुरता संपतो का?

नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी रद्द झालेला कायदा जणू कधी नव्हताच असे मानत. त्यामुळे अर्ध्यावरचे खटले कोसळत. ते टाळण्यासाठी ‘जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७’ मध्ये कलम ६ आले. कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधीच निर्माण झालेले हक्क, जबाबदाऱ्या आणि शिक्षा कायम राहतात. चौकशी व खटलाही चालू राहतो. मात्र नव्या कायद्याचा हेतू वेगळा दिसला, तर हे संरक्षण मिळत नाही. नवा कायदा त्याबाबत गप्प असेल तर? गप्प राहिल्याने जुन्या जबाबदाऱ्या पुसल्या जात नाहीत. त्या पुसण्याचा हेतू दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘पंजाब राज्य वि. मोहर सिंग’ (१९५५) मध्ये सांगितले. कारखाने कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता तर गप्पही नाही. तिच्या कलम १४३ मध्ये हे कलम ६ लागू असल्याचे थेट लिहिले आहे. जुने नियमही संहितेशी विसंगत नसतील तेवढे टिकतात.

दंड जुना की नवा?

येथे खरी मेख आहे. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्याने मृत्यू झाला, तर जुन्या कायद्यात दंड किमान २५ हजार आणि कमाल एक लाख रुपये होता. संहितेत तो किमान पाच लाख आहे आणि त्यातली निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कैदेची कमाल मर्यादा दोन्हीकडे दोनच वर्षे. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार कृत्य घडले तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. म्हणजे मे २०२५ च्या कृत्याला पाच लाखांचा दंड लागू होणार नाही.

हे तत्त्व योग्यच आहे. उद्याच्या कायद्याने कालच्या माणसाला पकडू नये. दोष आहे तो विलंबाचा. संहितेला राष्ट्रपतींची संमती सप्टेंबर २०२० मध्येच मिळाली होती. ती अमलात आणण्याची तारीख ठरवणे सरकारच्या हाती होते आणि त्याला पाच वर्षे लागली. एक लाखाची मर्यादा अपुरी आहे हे संसदेने मान्य केल्यावरही देशभर जुनाच दर चालला. त्या काळातल्या अपघातांना तोच कायमचा चिकटला.

भरपाईचा हक्क

कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ ची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मालकाची देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उभी राहते, निकालाच्या दिवशी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ‘प्रताप नारायण सिंह देव’ खटल्यात ठरवले. त्यामुळे दाव्याचा निकाल २१ नोव्हेंबरनंतर लागला, तरी त्याआधीच्या अपघाताचा हक्क बुडत नाही.