लशीची रांग आणि आपण

कोरोनाची लस एका वर्षाच्या आत तयार झाली, जगाच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. भिलाईच्या सेक्टरांत, चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात आणि टपाल कचेऱ्यांतही ते ऐकू येते. मुंबईत १८९६-९७ साली प्लेगची लस तीन महिन्यांत तयार झाली होती. ती करणाऱ्या वाल्डेमार हाफकिनचे नाव परळच्या संस्थेला आजही आहे. टपाल खात्यातील जुन्या मंडळींना त्याचा चेहराही आठवत असेल. १९६४ साली आपल्याच खात्याने त्याचे तिकीट काढले होते.

त्या साथीची सुरुवात मुंबईत झाली नव्हती. १८९४ साली हाँगकाँगला प्लेग पसरला, तेथे फ्रान्सच्या बाजूने येरसँ आणि जपानच्या बाजूने कितासातो हे दोघे जवळजवळ एकाच वेळी त्याच्या जंतूपर्यंत पोहोचले. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. मग जगभरच्या डॉक्टरांची मुंबईकडे रीघ लागली. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया यांनी आपापली पथके पाठवली. येरसँ स्वतःचे सीरम घेऊन आला, पण त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. हाफकिन मूळचा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरणारा. तो ऑक्टोबरमध्ये मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली, ती एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवण्यासाठी लागणारे सार त्याने बकऱ्याच्या मांसाचे केले, म्हणजे हिंदू-मुसलमान दोघांनाही आक्षेप राहू नये. त्यावर तूप तरंगत ठेवले, की त्याला धरून जंतूंची वाढ खाली लोंबत उतरे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. त्या कारकुनाचे आणि तीन शिपायांचे नाव इतिहासात कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस लस भायखळ्याच्या तुरुंगात गेली. तेथे साथ शिरली होती. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचले, बाकीच्यांना तसेच ठेवले, आणि दोन्ही गटांत किती माणसे आजारी पडतात ते मोजले. कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले असे सरकारी कागद म्हणतात. गजाआड असलेल्या माणसाची स्वेच्छा ती काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही. पण लस गुणकारी होती, यात शंका नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना टोचून पाहिले. टोचलेल्या ७१ जणांत ३ मेले, न टोचलेल्या ६४ जणांत २६. एवढे स्पष्ट आकडे आजच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या अहवालातही क्वचितच दिसतात.

मग लोकांनी लशीसाठी रांगा का लावल्या नाहीत? कारण लस घेऊन येणारे सरकार तेच होते जे घरात शिरून माणसे ओढून नेत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी त्याला गोळी घातली. मार्चमध्ये त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी होई, संशयिताला उतरवून छावणीत टाकले जाई. मुंबईतून लाखो माणसे निघून गेली. गिरण्यांत हात कमी पडू लागले तेव्हा मालक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांसाठी बोली लावू लागले आणि रोजच्या रोज पगार हातात ठेवू लागले. महिनाअखेरपर्यंत पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांना रोजची मजुरी द्यायला काहीच अडचण नव्हती, हे त्या साथीने दाखवून दिले. आगाखानांनी खुले आम स्वतःला टोचून घेतले तेव्हा त्यांच्या खोजा समाजातील लोक पुढे आले. हुकुमाने जे झाले नाही ते आपला माणूस पुढे झाल्याने झाले.

पुढची गोष्ट कामगारांनी विशेष वाचावी अशी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचले गेले, त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला कामावरून दूर केले. पुढे दिसून आले की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. परळच्या बाटलीत बिघाड नव्हता. पण हे मान्य करायला सरकारला १९०७ साल उजाडावे लागले, तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रातून आवाज उठवल्यावर. चौकशी आधी आणि शिक्षा नंतर हा क्रम उलटा झाला की काय होते, हे रेल्वेतल्या कोणत्याही पॉइंट्समनला सांगावे लागत नाही.

आता कोरोनाकडे येऊ. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुकीय रचना जाहीर केली. १६ मार्चला अमेरिकेत पहिल्या माणसाला प्रयोगाची लस टोचली गेली, एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या लशीची माणसांवरील चाचणी सुरू झाली. रशियाने तर ऑगस्टमध्ये, तिसऱ्या टप्प्याच्या आधीच, आपल्या लशीला मान्यता दिली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळेने, विषाणू वेगळा केला आणि तो भारत बायोटेकला दिला. जुलै २०२० मध्ये आयसीएमआरच्या प्रमुखांनी पत्र काढले की लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आली पाहिजे. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली तेव्हा ते मागे पडले. शेवटी ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, ती ‘चाचणीच्या स्वरूपात’, तिसऱ्या टप्प्याचे निकाल येण्यापूर्वी. छत्तीसगडचे आरोग्यमंत्री सिंहदेव यांनी निकाल येईपर्यंत ती लस येथे वापरणार नाही असे केंद्राला कळवले. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. आमच्या मते त्यांचा प्रश्न योग्य होता. मार्चमध्ये निकाल आले, ते चांगले होते, पण आधी मागितले म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही.

लस आली आणि खरा प्रश्न उभा राहिला, तो रांगेचा. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, मग फेब्रुवारीत पोलीस, सैन्य, सफाई कामगार, महसूल कर्मचारी. केंद्राच्या या यादीत रेल्वे सुरक्षा दल होते. गाडी चालवणारा, रूळ तपासणारा गँगमन, तिकीट खिडकीवरचा कारकून आणि घरोघर पेन्शनचे पैसे नेऊन देणारा पोस्टमन नव्हता. त्यांनी वयाची वाट पाहायची: १ एप्रिलपासून ४५ च्या वरचे, १ मेपासून १८ च्या वरचे. तेव्हा छत्तीसगड सरकारने १८ ते ४४ वयोगटात अंत्योदय कार्डवाल्यांना प्रथम घेतले. उच्च न्यायालयाने विचारणा केली, काही दिवस टोचणी थांबली, मग सर्व गटांत वाटणी होऊन पुन्हा सुरू झाली. गरिबाला आधी द्यावे ही कल्पना आम्हाला चुकीची वाटत नाही. पण ज्याचे कार्ड गडचिरोलीत किंवा बालाघाटात आहे आणि जो भिलाईत ठेकेदाराकडे राबतो, तो कोणत्या रांगेत उभा राहणार होता? त्याच सुमारास सिरमने तीच लस केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ४०० (नंतर ३००) आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपयांना असा भाव लावला होता. ही व्यवस्था २१ जून २०२१ पासून बदलावी लागली.

त्याच एप्रिल-मे महिन्यांत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा द्रवरूप ऑक्सिजन टँकरने नागपूरपर्यंत गेला. पोलाद शुद्ध करण्यासाठी हवेतून जो ऑक्सिजन वेगळा काढावा लागतो तोच श्वासासाठी लागला. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली आणि २३-२४ तारखेला भरलेले टँकर नागपूर-नाशिकला उतरले. गाड्या ज्यांनी चालवल्या ते कोणत्याही यादीत नव्हते. १० मे २०२१ रोजी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले की तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोरोनाने गेले आणि रोज सुमारे हजारांना लागण होत होती. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा होता. टपाल कर्मचाऱ्यांसाठी, ग्रामीण डाक सेवकांसह, १० लाख जाहीर झाले. रेल्वे कामगारांसाठी ५० लाखांची मागणी फेडरेशनने केली होती.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १८९९ साली सरकारने परळचा गव्हर्नरचा जुना बंगला प्रयोगशाळेला दिला, आणि तेथून दशकानुदशके सरकारी लस देशभर गेली. २००८ साली कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लस कारखान्यांचे परवाने निलंबित झाले. ते परत मिळेपर्यंत दोन वर्षे गेली आणि बाजार खाजगी हातात गेला. हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट माथ्यावर असताना. लाट ओसरेपर्यंत तेथून कोरोनाची एकही बाटली बाहेर पडली नाही. तंत्रज्ञान नव्हते असे नाही. कारखाना वेळेवर सांभाळला नव्हता.

पुढच्या साथीत यादी कोण करणार हे आजच ठरवून घ्यायला हवे. म्हणून प्रत्येक शाखेने दोन कामे हाती घ्यावीत. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या शाखेतील जे सहकारी गेले त्यांची नोंदवही करावी: हुद्दा, शेवटची ड्यूटी, लस मिळाली होती की नाही, घरच्यांना काय मिळाले, अनुकंपा नियुक्ती झाली की अर्ज पडून आहे. ठेकेदाराचे कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांची नावे त्याच वहीत असावीत, वेगळ्या कागदावर नव्हेत. दुसरे, साथीच्या काळातील आवश्यक सेवेच्या व्याख्येत गाडी आणि टपाल चालवणारे सर्व कामगार आधीच लिहिलेले असावेत, ही मागणी पुढील विभागीय वाटाघाटींच्या विषयपत्रिकेवर पहिल्या तीनांत ठेवावी. वह्यांची एक प्रत विभागीय सचिवांकडे पाठवावी.